अगं, ती बुरशी नव्हे!

इंग्लंडमधल्या स्लाऊहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय: "मावशी, लेकीच्या हट्टापायी ईस्टरची चॉकलेटची अंडी घरी केली. चॉकलेट मायक्रोवेव्हमध्ये चांगलं कडकडीत तापवलं, साच्यात ओतलं, फ्रिजमध्ये ठेवलं. अर्धी साच्याला चिकटून बसली, उरलेल्यांवर दोन दिवसांत पांढरी बुरशी. सासूबाई म्हणतात, आपल्यात नाहीत ही थेरं, आणि यात अंडं असणारच. लेक मराठीत बोलतच नाही, ते वेगळंच."

कडकडीत! अगं, चॉकलेट म्हणजे काय फोडणीचं तेल आहे?

ती बुरशी नव्हे, वर आलेलं कोको बटर आहे. खाल्लं तर काही होत नाही, दिसतं मात्र वाईट. कोको बटर सहा प्रकारे गोठतं. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा. चकाकी, कट्‌कन तुटणं, गोठताना किंचित आकसून साच्यातून आपोआप सुटणं, सगळं त्याच्याच कृपेने. म्हणून टेंपरिंग, म्हणजे चॉकलेट वितळवून ढवळत ठरावीक तापमानापर्यंत निववणं. ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट घे. २०० ग्रॅम ४५ अंशांपर्यंत वितळव आणि आचेवरून उतरव. उरलेलं १०० ग्रॅम बारीक चिरून थोडं थोडं घालत ढवळत राहा, पारा ३१-३२ वर येईपर्यंत. मिल्क चॉकलेट असेल तर २९-३०. सुरीच्या टोकाला लावून बघ. पाचेक मिनिटांत चकचकीत सुकलं तर ओत, एक पातळ थर सुकल्यावर दुसरा.

थर्मामीटर मात्र घेच. मीही पहिल्या वर्षी "अंदाजाने कळतं" म्हणत बसले होते. वर पातेल्यावर झाकण ठेवलं, वाफेचं पाणी आत ठिबकलं आणि चॉकलेटचा कोरडा, दाणेदार गोळा झाला, थेट दुधात मिठाचा खडा. दुसऱ्या वर्षी आमच्या ह्यांनी प्रेमाने अंडी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. बाहेर काढल्यावर दव धरलं, वरची साखर विरघळली आणि वाळल्यावर खरखरीत पांढरी झाली. फ्रिज दहा मिनिटं, बास.

सासूबाईंचं म्हणशील तर त्यांना दोनतारी पाक बोटाने कळतो ना? मग टेंपरिंग त्यांच्याकडेच सोपव. माझ्या सासूबाईंनीही आधी नाकं मुरडली होती. "पाकासारखंच नखरेल आहे की हे," म्हणाल्या आणि पुढच्या वर्षीपासून मला कालथा हातात मिळाला नाही. ईस्टरही चंद्र बघूनच ठरतो, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेपुढचा रविवार, हेही त्यांच्या कानावर घाल. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८७३ साली इथलं पहिलं चॉकलेटचं अंडं काढलं, म्हणजे थेरं असली तरी जुनी आहेत.

लेकीला पारा मोठ्याने वाचायला लाव, मराठीत. पंचेचाळीसपासून एकतीसपर्यंत उलटं. एकोणचाळीसला अडखळेल, आजी सुधारतील.

आणि साध्या चॉकलेटमध्ये अंडं नसतं गं. आत मार्शमॅलो भरणार असशील तर तेवढं जिलेटिन बघून घे, ते प्राण्यांपासून काढतात.