पवई तलावाचं पाणी तपासायला नेताना
पाऱ्यासाठी नमुना घेणार असाल तर साधी प्लास्टिकची बाटली अजिबात नको. पारा तिच्या भिंतीला चिकटतो, त्याची वाफ प्लास्टिकमधून आरपारही जाते; मग रिपोर्ट उगाच चांगला येतो. आम्लाने धुतलेली काचेची किंवा टेफ्लॉनची बाटली घ्या, काठोकाठ भरा. पारा पाण्यातच टिकून राहावा म्हणून लिटरला 5 मिली ब्रोमिन मोनोक्लोराइड 48 तासांच्या आत त्याच बाटलीत घालायचं. ते काम प्रयोगशाळेलाच करू द्या, रसायन जहाल आहे.

पण नुसत्या पाण्यावर थांबू नका. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम. पाणी त्यात बसलं म्हणून मासा सुरक्षित ठरत नाही. प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू पाऱ्याचं मिथिलमर्क्युरी (पाऱ्याचं जास्त विषारी रूप) करतात, ते छोट्या माशांतून मरळ या शिकारी माशाच्या मांसात साठत जातं. म्हणून मासाही तपासायला द्या: मरळीचं कातडी काढलेलं मांसच द्या, आणि लांबी-वजन आधी लिहून ठेवा.