तोच बँड पुन्हा ऐक

प्रिय भाचीबाई,

तुझी यादी मिळाली. वर्षभरात कुठले बँड लाइव्ह ऐकलेस, कुठे ऐकलेस, प्रत्येकापुढे बरोबरची खूण, आणि तळाशी प्रश्न: ‘मावशी, यंदा अजून कोणाला ऐकू?’ माझं उत्तर तुला आवडणार नाही. नवं कोणी नको. यातला जो बँड सगळ्यात जास्त आवडला, त्याच्याच मागे वर्षभर लाग. क्लबात वाजवोत, मैदानात वाजवोत, खिशाला परवडलं तर मुंबईला वाजवोत, तू जा.

तेच ते काय ऐकायचं, म्हणशील. तुझे आजोबा दर वर्षी सवाईला जायचे. भीमसेनजींचा तोच अभंग कितव्यांदा ऐकताय, असं त्यांना घरात कोणी कधी विचारलं नाही. रॉक बँडला मात्र आपण ‘बघून झाला’ म्हणून खोडून टाकतो. पहिल्या खेपेला आपण घरी ऐकलेल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघण्यातच गुंतलेलो असतो. इथे व्हायोलिन होतं, ते कुठे गेलं? हे कडवं का गाळलं? दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ही तपासणी थांबते आणि मग कळायला लागतं की ड्रमर आज घाईत आहे, गायिकेचा आवाज बसलाय म्हणून तिने वरची जागा सोडून दिली, आणि तरी गाणं छान झालं.

कोरेगाव पार्कातल्या एका छोट्या क्लबात एकदा गिटारवाल्याची तार ऐन गाण्यात तुटली. त्याच्याकडे दुसरी गिटार नव्हती. तो तिथेच खाली बसला, दातांनी पाकीट फाडून नवी तार काढली आणि खुंटी पिळायला लागला. तोवर बेसवालीने चार सुरांचा एक तुकडा धरला, ड्रमर फक्त हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) यांवर तिच्याबरोबर राहिला. लोक आधी हसले, मग टाळ्यांनी ठेका धरला. तार चढली, सुरात आली, आणि तो नेमका त्या तुकड्याच्या समेवर परत गाण्यात शिरला. पुढच्या गिगला, म्हणजे कार्यक्रमाला, तार शाबूत होती, पण तो चार सुरांचा तुकडा गाण्यात कायमचा येऊन बसला होता. त्या दिवशी पहिल्यांदा आलेल्यांना तो मुळातलाच वाटला असणार. मी मात्र एकटीच दात काढून हसत होते.

हे पुण्यात करणं सोपं आहे, कारण बँड आपल्या गावातच आहेत. अग्नी पुण्याचा, इझी वाँडरलिंग्ज पुण्याचा. फिरोदिया करंडकात, म्हणजे कॉलेजांच्या स्पर्धेत, वाजवणारी पोरं पुढे कुठल्या बँडमध्ये दिसतील याचा नेम नाही. आणि उघड्यावर ऐकायचं असेल तर दुपारी जायची तयारी ठेव. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर मोकळ्या जागेत लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण त्यातले बरेचसे गणपती-नवरात्रातच जातात. म्हणून मैदानातला मोठा पाहुणा साडेआठला येतो आणि आपला गाववाला बँड तीन-चारच्या उन्हात वाजवतो. 2010 मध्ये पुण्यात वीकेंडर हा मैदानातला संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हापासून मी हेच बघत आलेय. 2016 च्या डिसेंबरात तिथे स्टीव्हन विल्सन हा इंग्लंडचा रॉक गायक-गिटारवादक आला. नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता, खिशात पैसे नाहीत, आणि लोक तरी खुशीत! तो अप्रतिमच वाजवून गेला. पण त्याला परत कधी ऐकणार? उन्हात वाजवणारे पुढच्याच महिन्यात बंद खोलीत, पन्नास-साठ लोकांपुढे वाजवतात. तेच गाणं तिथे दुप्पट जड लागतं. हा फरक ऐकायला मिळणं ही चैन आहे.

वेळेवर पोच. पहिला बँड बेसूर वाटतो, त्यात दर वेळी त्यांचा दोष नसतो. शेवटी वाजवणाऱ्यांचा साउंडचेक (कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघणं) बहुधा आधी होतो आणि पहिल्या बँडचा सगळ्यात शेवटी, म्हणजे उशीर झाला की कात्री त्यांच्यावर. मग साउंडवाला पहिलं गाणं चालू असतानाच पट्ट्या वरखाली करत बसतो. त्यात खोली रिकामी असताना एक आवाज, माणसं भरली की दुसरा. तिसऱ्या गाण्याआधी मत बनवू नकोस. उभी राहायचं तर साउंडवाल्याच्या कन्सोलच्या जवळपास. तो ऐकून जे ठरवतो तेच तुला ऐकू येतं. अगदी स्पीकरसमोर उभ्या राहणाऱ्यांचं मला कौतुक नाही. कानांचं गणित सरळ आहे: 85 डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं, आणि क्लबात तेवढा आवाज सहज असतो. इअरप्लग घे, पण फोमचे नकोत, त्यांनी झांजांचा आवाजच मरतो. वादक वापरतात ते घे.

मागे बारपाशी उभं राहून संथ गाण्यात ऑफिसच्या गप्पा मारणारी मंडळी तुला प्रत्येक ठिकाणी भेटतील. त्यांच्याकडे रागाने बघून काही होत नाही, मी बघून पाहिलंय. दोन पावलं पुढे सरक.

आणि दोन बँडच्या मधल्या वेळात फोनमध्ये डोकं घालू नकोस. ड्रमर आपल्या झांजा, स्नेअर (समोरचा छोटा, कडक आवाजाचा ड्रम) आणि किकचं पेडल सोडवत असतो. बाकीचे मोठे ड्रम क्लबचे, हे तीन जिन्नस त्याचे स्वतःचे. पुढच्याला जागा द्यायची म्हणून तो घाईत असतो, पण स्टँड उचलायला हात लावलास तर दोन शब्द बोलतो. ‘तुम्ही छान वाजवलंत’ म्हणू नकोस, ते त्याने ऐकलेलं असतं. मागच्या वेळी हे गाणं सावकाश घेतलं होतं, आज जलद का, असं विचार. मग बघ.

परत येताना शेवटच्या मेट्रोची वेळ आधी बघून ठेव, तुझ्या आईला मी शब्द दिलाय. आधार कार्ड जवळ असू दे. तुला 21 पूर्ण झालीत हे तुझ्या तोंडाकडे बघून दारावर कोणी मानणार नाही.

तुझी,
मावशी

ता. क. तिकीट तुझं तू काढ. बँडमध्ये ओळख झाली की गेस्ट लिस्टमध्ये नाव घाल म्हणायचा मोह होतो. छोट्या गिगला बऱ्याचदा दारावरच्या तिकिटांतूनच त्यांच्या टेम्पोचं भाडं निघतं. मी अजूनही काढते, आणि तुझं एकदाही काढणार नाही.