हजार रुपयांच्या आत हॉलमधला कॉफी टेबल स्टायलिश कसा सजवता येईल?

तुम्ही लिहिलंय की लातूरला भाड्याचं घर आहे, दहा बाय बाराचा हॉल, मरून रंगाचा सोफा, मामांनी दिलेला जुना सनमायक्याचा कॉफी टेबल आणि खर्चायला हजार रुपये. टेबल ‘इंटरनेटवरच्या फोटोत असतो तसा’ दिसावा आणि मरूनपुढे कोणता रंग शोभेल तेही सांगा, असं विचारलंय.

आधी त्या फोटोंचं बघू. पांढरा संगमरवर, पांढरी मेणबत्ती, पांढरे गुलाब. त्या घरात एप्रिलच्या दुपारी खिडकीच्या फटीतून माती येत नाही, कूलर भणभणत नाही, आणि शेजारच्या काकू पोह्याची बशी हातात धरून “कुठं ठेवू गं?” असं विचारत नाहीत. आपल्या घरात हे सगळं रोजचं आहे. म्हणून मी त्याला टीपॉयच म्हणते. (टीपॉयमधला ‘टी’ चहाचा नाही बरं का. मूळ शब्द तिपाई, तीन पायांची. चहाशी सोयरीक आपण नंतर जुळवली.)

मी परभणीची. टीपॉयवर पैसे घालवून झालेत, हसं करून घेऊन झालंय, त्यामुळे अनुभवाचं सांगते. माझी अट एकच: टीपॉयवर जे मांडाल ते सगळं एका वेळी, एका हाताने उचलता आलं पाहिजे.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी टीपॉयवर सात वस्तू मांडल्या होत्या. काचेचा हंस, मेणबत्तीचा स्टँड, रंगीत खड्यांची वाटी, असंच काहीबाही. एकदा नणंद आणि तिचे मिस्टर आले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी आणि भाऊजी बिचारे एकेक वस्तू उचलून सोफ्यावर ठेवतायत. शेवटी जागा झाली, सगळे बसले, आणि भाऊजी नेमके हंसावर. हंसाची मान गेली, भाऊजींना काही झालं नाही. त्या दिवसापासून सगळं एका ताटात.

ताट विकत घेऊ नका. गावाकडच्या माळ्यावर एखादं पितळेचं ताट किंवा उथळ परात काळी पडून असतेच, आईला नाहीतर मावशीला फोन करा. ताट टीपॉयचा साधारण तिसरा हिस्सा व्यापेल एवढंच हवं, बाकी जागा कपांची. घासायला चिंचेचा कोळ आणि मीठ. कोळ फासला की काळेपणा बोटाखाली सरकायला लागतो आणि मधूनच पिवळा रंग डोकावतो, तेव्हा फार बरं वाटतं. पण कोळ लावून फोनवर बोलत बसू नका. जास्त वेळ राहिला तर पितळेवर गुलाबीसर डाग पडतात, कारण आंबटपणाने वरचं जस्त निघून जातं आणि तांबं उघडं पडतं. दोन-तीन मिनिटांत धुवायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं. काठावर नक्षी असेल तर तिच्या खाचांतला काळेपणा मी मुद्दाम ठेवते, नक्षी उठून दिसते. कूलर चालू असेपर्यंत ताट पंधरा दिवसांत मंद पडणार, हे धरून चाला. उन्हाळ्यात मी घासायच्या भानगडीत पडतच नाही.

ताटाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे चिकटवा. पंक्चरवाला फुकट देतो. त्याने सनमायक्यावर ओरखडे पडत नाहीत आणि ताट सरकतही नाही.

सनमायका कडेने उचललाय का ते लिहिलं नाहीत. जुना म्हणजे उचलला असणारच. पट्टीने आत फेव्हिकॉल सारा, बाहेर आलेला ओल्या फडक्याने टिपून घ्या, वर प्लास्टिकची पिशवी आणि त्यावर पाटा. पाटा नसेल तर गव्हाचा डबा. रात्रभर राहू द्या. सोफा आणि टीपॉयमध्ये दोन वीत अंतर सोडा. त्याहून कमी असेल तर गुडघे आपटतात, जास्त असेल तर कप ठेवायला माणसाला उठावं लागतं.

आता ताटात काय. तीन गोष्टी पुरतात: एक उंच, एक मध्यम, एक बसकी.

उंच वस्तूसाठी माझ्याकडे तांब्या आहे, पोचे आलेला, आणि त्यात पऱ्हाटी. होय, कापसाची पऱ्हाटी. मोठ्या शहरांत हीच काडी ‘ड्राय कॉटन स्टेम’ म्हणून विकतात आणि आपल्याकडे शेवटची वेचणी झाली की ती बांधावर सरपण म्हणून पडते. फुटलेली बोंडं असलेल्या चार-पाच काड्या निवडा. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या तपकिरी, टोकाला टोचऱ्या, आणि मधे चार-पाच कप्प्यांतून बाहेर आलेला कापूस. जवळून पाहिलं तर फुलापेक्षा देखणं आहे, फक्त आपण शेतात पाहतो म्हणून दिसत नाही. काडी तांब्याच्या दीडपट बाहेर राहील अशी कापा, सगळ्या एकाच उंचीच्या नकोत.

पण घरात आणण्याआधी तीन-चार दिवस कडक उन्हात टाका आणि न फुटलेली, किडकी बोंडं तोडून फेका. गुलाबी बोंडअळी अशाच बोंडांत आणि सरकीत दडून राहते, म्हणून तर हंगाम संपला की पऱ्हाट्या शेतात ठेवू नका असं सांगतात. दुसरं म्हणजे पंखा. मी पहिल्यांदा बोंडं भरगच्च लावली आणि पंखा पाचवर केला. संध्याकाळपर्यंत हॉलभर पिंजाऱ्याचं दुकान झालं होतं. आता निम्म्या बोंडांतला कापूस आधीच काढून घेते. वाती होतात त्याच्या.

लातूरकडे तुम्हाला सोयाबीन आणि तूर जास्त दिसेल. त्यांच्या काड्यांत काही राम नाही. ज्वारीची कणसं मात्र छान दिसतात, दांड्यासकट. दाण्यासहित ठेवायची असतील तर चांगली वाळवा, नाहीतर किडे होतात, आणि घरात उंदीर असेल तर ठेवूच नका. मी ठेवली होती तेव्हा वरच्या मजल्यावरचे काका आले. चहा हातात, नजर कणसावर. एक दाणा नखाने काढला, दाताखाली धरला आणि विचारलं, “परभणी मोती का?” मी म्हटलं, “काका, शो आहे तो.” ते म्हणाले, “शो असू दे, वाण कोणता?” तुमच्याकडेही कुणीतरी विचारणार, तेव्हा वाण विचारून आणा. करडईची वाळलेली बोंडंही सुंदर असतात, पण काटे फार. घरात रांगतं मूल असेल तर नको.

मध्यम उंचीला दोन-तीन जुने दिवाळी अंक एकावर एक आणि त्यावर पोळ्याची मातीची बैलजोडी. मुखपृष्ठं आधीच रंगीत असतात, वेगळी सजावट लागत नाही, आणि पाहुणा वाट बघत असेल तर चाळतो. बैल न रंगवलेले, मातीच्या रंगाचे असतील तर जास्त चांगले दिसतात. कच्च्या मातीचे असतील तर ओल्या फडक्याने पुसू नका, शिंगं हातात येतील. तुमच्या घरी पूजेतले बैल पाण्यात सोडायची रीत असेल तर कुंभाराकडून वेगळी जोडी घ्या.

बसकी वस्तू म्हणजे बुरडाकडची लहान दुरडी. मला ₹७० ला मिळाली. तिच्यात रिमोट, चष्मा, चार्जरची वायर, सगळं. फोटोतल्या टीपॉयवर रिमोट नसतो, पण खऱ्या घरात तो लपवायला जागा केली नाही तर सजावटीवर येऊन बसतो.

ताटाखाली काठाची पट्टी टाकली की जुना सनमायका निम्मा झाकला जातो. जुन्या इरकलीचा काठ यासाठी उत्तम. टीपॉयच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पट्टी, मागे जुन्या सुती साडीचं अस्तर आणि वाकळीला घालतो तसा धावदोरा. टाके थोडे वाकडे आले तर येऊ द्या. पण कापण्याआधी विचारा. मी सासूबाईंच्या ट्रंकेतली एक विरलेली इरकल न विचारता कापली. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांनी पट्टी पाहिली, हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, “माझ्या आईची होती.” पुढे काही बोलल्या नाहीत, मीच दोन दिवस बोलू शकले नाही. पट्टी अजून टीपॉयवर आहे आणि ती धुवायचं काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

कपाखाली ठेवायला कोस्टर विकत घेऊ नका. जिथे बांधकाम चालू आहे तिथल्या फरशीवाल्याला शहाबादी फरशीचे चार-चार इंचाचे तुकडे मागा. कडा घासून मिळतात, खाली पुन्हा तीच सायकलची ट्यूब. करडा-निळसर रंग पितळेशेजारी सुरेख दिसतो. एकच खोट: शहाबादी हा चुनखडीचा दगड, त्यावर लिंबाचं सरबत सांडलं की पांढरट डाग पडतो आणि तो जात नाही. चहाने काही होत नाही. उन्हाळ्यात सरबताच्या पेल्याखाली लाकडाचा तुकडा ठेवा.

हिरवं काहीतरी हवंच असेल तर काचेच्या बाटलीत मनी प्लांटची फांदी. एक पेर पाण्यात बुडलं की मुळं फुटतात. पाणी आठवड्याच्या आत बदलायचं, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. आमच्याकडे नळ येतो त्या दिवशी बाटलीचं पाणी बदलते आणि जुनं तुळशीला घालते. नळ लांबला तर पिण्याच्या पाण्यातलं अर्धा ग्लास. पानं लहान मुलाच्या किंवा मांजराच्या तोंडात जाऊ देऊ नका, तोंडाची आग होते.

प्लास्टिकची फुलं नकोत. आठ दिवसांत त्यांच्यावर धूळ बसते आणि ती झटकून जात नाही. सुगंधी मेणबत्तीही नको, पंख्याखाली ती पेटवणार कधी?

माझा सगळा खर्च दुरडी, दोरा, फेव्हिकॉल आणि दिवाळी अंकांची रद्दी धरून ₹३१० झाला. तुमचे उरलेले पैसे लगेच संपवू नका. कधी संभाजीनगरला गेलात तर बिदरीची लहानशी डबी बघा, मोठ्या वस्तू या पैशात बसत नाहीत. जस्त आणि तांब्याचा मिश्रधातू, त्यात चांदीची तार ठोकून बसवलेली, आणि बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर वापरून काळा केलेला. चांदी काळी पडत नाही, धातू पडतो, म्हणून ती नक्षी तशी चमकते. पितळेच्या ताटात ती एकटी ठेवली तरी पुरे. फक्त तिला चिंच किंवा पीतांबरी लावू नका, काळा रंगच निघून जाईल. कोरडं फडकं, आणि कधीतरी खोबरेल तेलाचं बोट. हिमरूचा, म्हणजे तिथल्या नक्षीदार विणलेल्या कापडाचा, मोह मलाही होतो, पण हातमागाची हिमरू या बजेटमध्ये येत नाही आणि तिच्यावर चहा सांडला तर झोप लागणार नाही.

राहिला मरून सोफा. त्यापुढे पितळेचा पिवळा, कापसाचा मळकट पांढरा आणि बैलांचा मातकट तांबडा, तिन्ही चालतात. इरकल मिळाली तर हिरव्या नाहीतर काळ्या अंगाची घ्या, लाल नको, सोफ्यात हरवेल. मांडून झालं की सोफ्यावर बसून बघा, समोर बसलेल्याचा चेहरा पऱ्हाटीआड जात असेल तर काड्या आणखी कापा. आणि मामांना चहाला बोलवा. त्यांचा टीपॉय आहे, त्यांना ओळखू येतो का बघा.