ब्रेक दाबूनही मागचे दिवे लागत नाहीत. स्विच घरी बदलता येईल का?

तुम्ही विचारले आहे की, दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाडीचा ब्रेक दाबल्यावर मागचे तिन्ही दिवे लागत नाहीत, निपाणीतील मिस्त्रींनी उभ्या उभ्या ‘स्विच गेला’ असे सांगितले आहे, तर तो घरी बदलता येईल का, आणि कंपनीचाच घ्यावा की बाजारातील साधा चालेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु टेस्ट लॅम्प (वायरमध्ये करंट आहे का ते दाखवणारा दिवा) हातातही न घेता निदान करणाऱ्या माणसाच्या शब्दावर सुटा भाग विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्या मतामागे आमच्या घरातील एक जुना, अद्याप न मिटलेला वाद आहे.

बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात मी अनेक वर्षे मशीन देखभालीचे काम केले. मिलिंग मशीनचे टेबल ठरावीक जागी पोहोचले की लिमिट स्विचचा दट्ट्या दाबला जातो आणि टेबल थांबते. ब्रेक पेडलच्या दांडीमागे, डॅशबोर्डच्या खाली बसवलेला स्विच हा याच जातीचा असतो, फक्त त्याचे काम उलटे चालते. पेडल मोकळे असताना त्याची दांडी दट्ट्याला आत दाबून ठेवते व संपर्क तुटलेला राहतो; पाय ठेवताच दांडी दूर जाते, आतली स्प्रिंग दट्ट्या बाहेर ढकलते आणि संपर्क जुळून दिवे लागतात. एवढे समजले की बिघाडाचे दोन प्रकार आपोआप वेगळे होतात. आतील संपर्क जळले असतील किंवा दट्ट्या आतच अडकला असेल, तर दिवे कधीच लागत नाहीत. दट्ट्याला दाबणारेच काही उरले नसेल, तर दिवे विझत नाहीत.

तुमची तक्रार पहिल्या प्रकारची आहे. तिन्ही दिवे एकदम गेले असल्यामुळे बल्बवर संशय घेण्याचे कारण नाही. आधी फ्यूज पाहा. फ्यूज शाबूत असेल तर स्विचचा कपलर, म्हणजे त्यात खोचलेला वायरींचा प्लग, काढा आणि स्विच दोन वायरींचा असल्यास कपलरमधील दोन्ही टोके वायरच्या छोट्या तुकड्याने जोडा. मागे कोणाला तरी उभे करा. दिवे लागले तर वायरिंग, फ्यूज आणि बल्ब निर्दोष आहेत आणि स्विचच गेला आहे. लागले नाहीत तर स्विच कितीही वेळा बदलला तरी उपयोग होणार नाही. मग कपलरच्या एका टोकाला करंट येतो का ते टेस्ट लॅम्पने पाहावे आणि तिथून मागे वायर शोधत जावे. मिस्त्रींनी ही तपासणी केली असती तर तुम्हाला इथे प्रश्न विचारावा लागला नसता.

आता वादाविषयी. माझे दाजी खानापूर तालुक्यात राहतात आणि व्यापारानिमित्त जांबोटीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जात-येत असतात. एका पावसाळ्यात त्यांच्या गाडीची बॅटरी रोज सकाळी उतरलेली सापडू लागली. एका गॅरेजने त्यांना नवी बॅटरी विकली. तीही उतरली, तेव्हा त्याच गॅरेजने आता बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर पाहावा लागेल असे सांगितले. मी त्यांच्याकडे गेलो असता बोलण्याच्या ओघात आक्का म्हणाली की, गाडीतील पायाखालची मॅट झाडताना पांढऱ्या प्लॅस्टिकचे बारीक तुकडे पडतात, ते कशाचे असावेत. त्या एका वाक्यात सगळे निदान होते. पेडलच्या दांडीला जिथे दट्ट्या टेकतो तिथे एक छिद्र असते आणि त्यात नखाएवढा प्लॅस्टिकचा स्टॉपर बसवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो ठिसूळ होऊन फुटतो, दट्ट्या त्या छिद्रातून सरळ आरपार जातो आणि पेडल मोकळे असूनही दिवे जळत राहतात. अनेक गाड्यांमध्ये या दिव्यांना चावी काढल्यावरही करंट मिळतो. 21 वॅटचे दोन बल्ब आणि काचेमागचा तिसरा दिवा मिळून सुमारे 4 अँपिअर ओढतात. लहान गाडीची 35 अँपिअर-तासांची बॅटरी एका रात्रीत बसायला तेवढे पुरेसे आहे.

मी स्टॉपर येईपर्यंतची सोय म्हणून त्या छिद्रात एक आखूड बोल्ट नटाने पक्का आवळून बसवला. दिवे विझले आणि दुसऱ्या दिवशी गाडी एका चावीत सुरू झाली. दाजी मात्र संतापले. “ब्रेकच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट? उद्या घाटात काही झाले तर आक्काला तू तोंड दाखवणार आहेस का?” असे ते म्हणाले. मी त्यांना दांडी हाताने हलवून दाखवली, बोल्टचा ब्रेक लागण्याशी काहीही संबंध नाही हे समजावले आणि आठवड्याभरात मूळ स्टॉपर आणून बसवूनही दिला. तरीही त्यांनी गाडी पुन्हा त्याच गॅरेजमध्ये नेली. तिथे मी बसवलेला स्टॉपर तसाच ठेवून चांगला चालत असलेला स्विच बदलण्यात आला, आणि त्या दिवसापासून दाजी प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की, स्विच बदलल्यावर गाडी बरी झाली, मेहुण्याने नुसता बोल्ट ठोकला होता.

म्हणून माझा आग्रह आहे की, स्विच बदलण्यापूर्वी तुमच्याही गाडीचा स्टॉपर पाहून घ्या, कारण तेवढ्या वर्षांच्या गाडीत तो फार दिवस टिकणार नाही आणि तुम्ही पेडलखाली डोके घालणारच आहात. बदलण्याचे काम थोडक्यात असे आहे: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, कपलर काढा, स्विचला जागेवर पक्का धरणारा लॉकनट सैल करा आणि जुना स्विच फिरवून बाहेर घ्या. नवा स्विच फिरवत आत न्यावा, दट्ट्या पूर्ण दबावा आणि त्याच्या आट्याच्या टोकाचे व स्टॉपरचे अंतर साधारण 1 मिलिमीटर राहील अशा जागी लॉकनट आवळावा. नेमके माप तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेले असेल तर तेच धरावे. पेडलवर बोटाने किंचित दाब देताच, ब्रेक धरू लागण्याच्या आधीच, दिवे लागले पाहिजेत.

ब्रेकच्या कोणत्याही भागाला घरी हात लावू नये, हे दाजींचे तत्त्व मला मान्य नाही. ब्रेक ऑइल, पॅड, सिलिंडर यांबाबत ते बरोबर आहेत; हा स्विच मात्र विजेचा भाग आहे आणि तो बंद पडला तरी ब्रेक पूर्वीइतकाच लागतो, फक्त मागच्याला ते कळत नाही. दिवे सतत जळत राहिले तरीही मागच्याला ते कळत नाहीच, आणि याकडे लोक दुर्लक्ष करतात. चोर्ल्याच्या वळणांवर मागचे ट्रकवाले हॉर्न का वाजवतात, हे दाजींना शेवटपर्यंत उमगले नव्हते. ते त्याला ट्रकवाल्यांचा उर्मटपणा समजत होते. तुमच्याकडे तर उसाचा हंगाम सुरू झाला की निपाणी-चिकोडी रस्त्यावर दिवे नसलेल्या ट्रॉल्यांमागे प्रत्येकाला अचानक ब्रेक मारावा लागतो, तेव्हा तुमच्या मागच्या मोटारसायकलस्वाराला सूचना देणारे तेवढेच एक साधन असते. दुरुस्ती होईपर्यंत रात्री तवंदी घाट उतरू नका.

स्विच कंपनीचाच घ्या. बाजारातील साधे स्विच मी वापरून पाहिले आहेत. काहींचे आटे ढिले असतात, तर काहींचा दट्ट्या थंडीत अडकतो. दुकानात जुना नमुना घेऊन जा आणि पिनांची संख्या जुळवा. किमतीविषयी मी बोलत नाही, कारण ती मॉडेलनुसार फार बदलते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. चार वायरींच्या स्विचमध्ये दुसरी जोडी इंजिनाच्या संगणकाला संकेत देते, तेव्हा त्या कपलरमध्ये वायरचा तुकडा अंदाजाने घालू नये. आधी वायरिंगची आकृती मिळवावी. बटणाने सुरू होणारी किंवा ऑटोमॅटिक गाडी या स्विचच्या बिघाडामुळे सुरूच न होणे किंवा तिचा गिअर ‘पी’मधून न निघणे, हेही घडते. पाव फेरा देऊन बसवायच्या प्लॅस्टिकच्या स्विचमध्ये लॉकनट नसतो. बसवताना पेडल दाबलेले असावे की मोकळे, हे मॉडेलनुसार ठरते, आणि असे अनेक स्विच एकदा काढले की पुन्हा वापरता येत नाहीत. पेडल मऊ लागत असेल किंवा खोल जात असेल, तर तो बिघाड वेगळा आहे आणि त्यासाठी दाजींचेच ऐकावे.

शेवटची दक्षता लॉकनटची आहे. स्विच गरजेपेक्षा आत गेला तर तो पेडलला पूर्ण मागे येऊ देत नाही, पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधील तेल परत जाण्याचे बारीक छिद्र उघडत नाही आणि ब्रेक थोडे लागलेलेच राहून तापतात. त्यामुळे काम झाल्यावर पाच-सहा किलोमीटर गाडी चालवून पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहा, रिमला स्पर्श करू नका; ब्रेक फारसे वापरलेले नसतानाही नेहमीपेक्षा जास्त धग जाणवली तर लॉकनट सोडून स्विच अर्धा फेरा मागे घ्या आणि दिवे पुन्हा तपासा.