वनस्पती-वर्गीकरणात नाव कमावलेले प्राध्यापक नेमकं काय करत आलेले असतात?

तुम्ही कोल्हापुरात बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि पुरस्कार मिळवलेल्या प्राध्यापकांची वाट कशी असते, असं विचारलंय.

नोकरीपुरतं सांगायचं तर एम.एस्सी.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, वरच्या पदांसाठी पीएच.डी. पण या विषयात माणूस ओळखला जातो तो त्याच्या हर्बेरियममुळे, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहामुळे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय वर्गीकरणासाठी ज्यांच्या नावाने पुरस्कार देतं, त्या जानकी अम्माल १९३१ साली मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट झाल्या आणि १९८४ साली, ८६ व्या वर्षी वारल्या तोवर संशोधन करत होत्या. शिवाजी विद्यापीठातल्या डॉ. एस. आर. यादवांचं कंदीलपुष्पांवरचं (सेरोपेजिया) कामही असंच वर्षानुवर्षांचं.

म्हणून या पावसाळ्यातच सुरुवात करा. मसाई पठारासारख्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, ऑगस्ट ते ऑक्टोबर हा खरा हंगाम. एका सड्यावर एकदाच जाऊन भागत नाही. गेंदाच्या (इरिओकॉलॉन) जाती ओळखायला पक्व बी लागतं, त्यामुळे फुलांसाठी एक फेरी आणि बियांसाठी दुसरी. राधानगरी अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडू नका. दुर्मिळ कंदीलपुष्पाचा कंद तर कुठेच उपटू नका. फांदी, फूल आणि फोटो पुरे.

नमुना तोडायच्या आधी वही उघडा: संग्रह क्रमांक, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, अधिवास आणि फुलाचा रंग. रंग वाळल्यावर उडतो आणि आठवणीवर लिहिलेला हमखास चुकतो. फूल जाड असेल तर एक-दोन फुलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये वेगळी ठेवा, कारण दाबल्यावर आतली रचना सपाट होऊन जाते. नमुना टिपकागदांमध्ये दाबून वाळवताना आपल्याकडच्या दमट हवेत पहिले चार दिवस कागद रोज बदलावेच लागतात. इथे आळस केला की बुरशी येते, पानं काळी पडतात. मांसल रोपं दाबातही जिवंत राहून पानं गाळतात. फुलं बाजूला ठेवून बाकीचा भाग क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवा. वाळलेला नमुना चिकटवायच्या शीटचं माप साधारण ४२ × २८ सें.मी. किडीसाठी रसकापूर (मर्क्युरिक क्लोराइड) वापरायची जुनी पद्धत विषारी आहे. वाळलेला नमुना पिशवीत बंद करून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवणं मला जास्त योग्य वाटतं.

नवी जाती सापडली असं वाटलं तर घाई करू नका. आधी जवळच्या जातींचे मूळ नमुने आणि मूळ वर्णनं शेजारी ठेवून ताडून बघा. बहुतेक 'नव्या' जाती इथेच जुन्या निघतात. खरंच वेगळी असेल तर एकच नमुना होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार-नमुना, ठरवायचा आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये आहे हे छापायचं. ते राहिलं तर नाव वैधच ठरत नाही. वर्णन लॅटिनमध्येच हवं ही अट १ जानेवारी २०१२ पासून गेली, इंग्रजी चालतं.

एम.एस्सी.ला प्रवेश घेताना मार्गदर्शक निवडायचा तर त्यांचे शोधनिबंध मोजत बसू नका. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या शीट मागून घ्या आणि लेबलं वाचा.