तापणारी गाडी, दोन कूलर आणि पतसंस्थेचं कर्ज

प्रश्न: मिरजेत माझा 28 टनी दहाचाकी ट्रक आहे. सहा वर्षं झाली, हप्ते फिटलेत. हळद, साखर घेऊन न्हावा-शेव्याला जाते, परतीचं भाडं भिवंडीहून मिळतं. येताना खंबाटकी घाटात गाडी तापते. मिस्त्री म्हणतो, इंजिनाला जादा ऑइल कूलर बसवा आणि गिअर बॉक्सलाही एक बसवा. दोन्हींचे मिळून 68,000. पतसंस्था 14 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी द्यायला तयार आहे. दीड लाखाची एफडी आहे, पण ती मोडायची नाही. कर्ज घेऊ का?

उत्तर: आत्ता नको. आणि त्या 68,000 मधला गिअर बॉक्सचा आकडा तर आजच खोडा.

तुमची गाडी क्लच-गिअरवाली असणार. ट्रान्समिशन कूलर, म्हणजे गिअर बॉक्सचा कूलर, खरा कामाचा ऑटोमॅटिकला. तिथे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारा भाग) तेल घुसळून तापतं आणि पंप ते फिरवतच असतो. आपल्या साध्या गिअर बॉक्समध्ये बहुतेक वेळा तेल तळाशी असतं, गिअर फिरताना ते वर उडवतात. कूलरपर्यंत तेल न्यायचं तर वेगळा पंप आला, म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू. त्यापेक्षा गिअर ऑइल योग्य ग्रेडचं घाला नि वेळेवर बदला.

इंजिनाचा कूलर निरुपयोगी नाही. पण अशा बहुतेक डिझेल इंजिनांना कंपनीचा ऑइल कूलर आधीच असतो आणि तो कूलंटवर, म्हणजे रेडिएटरमधून फिरून इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर, चालतो. तेव्हा कूलंटचीच बाजू लंगडी असेल तर नवा कूलर लावून काय उपयोग? रेडिएटरपुढे बसवला तर त्यातून तापलेली हवाच रेडिएटरला मिळणार, म्हणजे काटा आणखी वर. कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत आला असाल तर आत क्षार धरलाच असेल. आधी रेडिएटर आतून-बाहेरून साफ करून घ्या, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) आणि फॅनचा क्लच (इंजिन तापलं की फॅन जोडणारा भाग) तपासा, कूलंट पूर्ण बदला. हे सगळं 68,000 च्या मानाने किरकोळ खर्चात होतं.

तापते ती येतानाच, हेही बघा. जाताना खंबाटकीचा बोगदा मिळतो, येताना बोरघाट आणि खंबाटकी, दोन्ही चढ भरल्या गाडीने. भिवंडीच्या मालाची पावती आणि वजनकाटा जुळतो का? (जुळत नसेल तर कूलर विसरा. ओव्हरलोडचा दंड 20,000 आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000.)

आता व्याज. 14 टक्के 'फ्लॅट', म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर, असेल तर दोन वर्षांत 19,040 व्याज जाईल. तेच घटत्या शिल्लकेवर असेल तर साधारण 10,350. पतसंस्थेत हे विचारल्याशिवाय सही करू नका. साफसफाईनंतरही कूलर लागलाच तर एफडी न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. बँक सहसा एफडीच्या व्याजाहून एक-दोन टक्केच जास्त लावते.

'खर्च दाखवून कर वाचेल' असं कुणी सांगितलं असेल तर तेही तपासा. तुम्ही अंदाजित उत्पन्नावर, म्हणजे आयकराच्या जुन्या 44एई कलमाच्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर 12 टनांवरच्या गाडीला दर टनामागे महिना 1,000 उत्पन्न धरतात. तुमचे झाले वर्षाचे 3,36,000. दुरुस्ती आणि घसारा त्यातच आले, कूलरची वेगळी वजावट नाही. विमाही इंजिनाच्या यांत्रिक बिघाडाला पैसे देत नाही. म्हणून दर खेपेच्या भाड्यातून दुरुस्तीचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायला लागा, मोठ्या कामाला तेच लागतील.

साफसफाईनंतर ऑइल टेंपरेचरचा गेज लावून भरल्या गाडीने घाट चढा. तेल 100-110 अंशांवर गेलं तर घाबरू नका. 125 च्या वर टिकून राहिलं तर कूलर घ्या, पण थर्मोस्टॅटवाला, नाहीतर थंडीत पहाटे तेल तापायलाच वेळ लागेल. रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालून बांधू देऊ नका, त्या घासून नळ्या फुटतात. रबरी बूश घालून ब्रॅकेटवर बसवायला सांगा. होज सायलेन्सरपासून लांब, चासीला न घासणारे. एक जोड सुटला तर तेल रस्त्यावर आणि इंजिन जाम. मिस्त्रीचे 5,000 मागे ठेवा, आणि पहिल्या भरल्या खेपेनंतर सगळे जोड पुन्हा आवळून कोरडे दाखवले की मगच द्या.