एक तास जास्त, ह्यो खयचो न्याय?

“आमच्या चेडवाक तीन तास, ह्येका चार. ह्यो खयचो न्याय?” देवगड तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिची मुलगी आणि जावेचा मुलगा दोघंही वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला बसणार होती. मुलाला अध्ययन अक्षमता, वाचन फार संथ, म्हणून एक तास वाढीव. घरातलाच मामला असल्यामुळे उघड कुणी बोलत नव्हतं, आतल्या आत धुसफूस चालू होती.

या प्रश्नात मत्सर नव्हता. नीटला १८० प्रश्न आणि १८० मिनिटं, वेळ सगळ्यांनाच अपुरा. तास वाढवून दिला तर मुलीचेही गुण वाढतील. ‘बाकीच्यांना जास्त वेळाचा उपयोगच नसतो’ असं सांगून आईची समजूत काढणं खोटेपणाचं झालं असतं.

त्याऐवजी दोघांना जीवशास्त्राचे सारख्याच कठीणपणाचे दोन संच दिले, प्रत्येकी ४५ प्रश्न, ४५ मिनिटं. पहिला स्वतः वाचून सोडवायचा, दुसरा कुणीतरी वाचून दाखवायचा. पहिल्यात मुलगा २८ व्या प्रश्नापर्यंत पोचला. दुसऱ्यात सगळे ४५ संपवले, चुकाही मोजक्याच. मुलीला वाचून दाखवल्याने काही फरक पडला नाही, उलट ती वैतागली. आई समोरच बसून पाहत होती. मुलाला विषय येत होता, तास खात होतं ते वाचन, आणि ही परीक्षा वाचनाचा वेग मोजण्यासाठी नाही. सर्वांनाच वेळ कमी पडतो ही तक्रार खरी आहे. पण तिचा उपाय म्हणजे सगळ्यांसाठीच प्रश्न कमी करा अशी मागणी करणं. या मुलाचा तास काढून घेतल्याने मुलीला एक मिनिटही मिळत नाही.

आईच्या डोक्यात आणखी एक गोंधळ होता, तो बऱ्याच घरांत असतो. वाढीव वेळ वेगळा, दिव्यांगांसाठीचं ५ टक्के आरक्षण वेगळं. प्रश्नपत्रिका तीच, बरोबरला ४, चुकीला वजा १ हेही तेच. आरक्षित जागेसाठी ठरवून दिलेल्या केंद्रावर पुन्हा तपासणी होते.

दर तासाला २० मिनिटं वाढीव हे प्रमाण केंद्र सरकारच्या २०१८ च्या परीक्षांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांतलं. प्रश्न वाचून दाखवणारा, उत्तरं नोंदवणारा लेखनिक घेतला नाही तरी हा वेळ मिळतो. लेखनिक स्वतः आणायचा तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं, अशी २०१८ च्या सूचनांत अट होती. अशा लेखनिकासोबत आधी निदान चार-पाच सराव पेपर सोडवायला हवेत. अनोळखी आवाजात ऐकलेला भौतिकशास्त्राचा प्रश्न डोक्यात शिरायलाच वेळ लागतो.

अडतं ते कागदांपाशी. ज्यावर दहावीला सवलत मिळाली तोच अक्षमतेचा दाखला पुढे चालेल असं धरून चालू नका. अध्ययन अक्षमता तपासण्याविषयीच्या २०१८ च्या वेगळ्या सूचनांत १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी सांगितली होती. दिव्यांग दाखल्यासाठीच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून नेमून दिलेल्या रुग्णालयात जावं लागतं, आणि एका फेरीत काम क्वचितच उरकतं. म्हणून गणपतीच्या सुटीतच सुरुवात करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फॉर्म भरताना धावपळ केली तर दाखला हातात पडेपर्यंत मुदत संपते. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि दाखला यांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का तेही पाहा, नाहीतर तिथेच अडकतं.

एवढं करूनही केंद्रावर घोटाळा होतो. नीट २०२१ मध्ये अवनी प्रकाश या विद्यार्थिनीला डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अक्षमता, असूनही वाढीव तास न देता पेपर काढून घेतला होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हा अन्याय असल्याचं सांगून तो दूर करायला बजावलं, पण फेरपरीक्षा काही तिला मिळाली नाही. त्यामुळे प्रवेशपत्र आल्याबरोबर त्यावर दिव्यांग असल्याची नोंद आहे का पाहायचं, नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवायचं. परीक्षेच्या दिवशी लवकर पोचायचं आणि पेपर सुरू होण्याआधीच केंद्रप्रमुखांना दाखला दाखवून आपली वेळ किती वाजता संपते ते विचारून घ्यायचं. तीन तासांची घंटा झाल्यावर वाद घालत बसलं तर वाढीव तास त्यातच जातो.